दावणीखालचं पेव

१

म्हाळूची पहार फरशीवर आपटली आणि आवाज पोकळ आला. त्यानं दोन्ही हातांनी फरशी उचलून कलती केली, आत वाकून पाहिलं, आणि तशीच सोडून चार पावलं मागं सरला.

"साहेब," तो म्हणाला, "आत माणूस हाय."

रेवणसिद्ध छत्रीखाली नकाशा काढत बसला होता. मूळचा उदगीरकडचा, आता हैदराबादच्या पुराणवस्तू खात्यात नक्षानवीस, वय पस्तिशीचं. साल फसली तेराशे एकोणतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीस, वैशाखाचं ऊन. सावळदऱ्याच्या वरच्या माळावर यादवकाळची वस्ती आहे, असं कुणीतरी खात्याला कळवलं होतं. तेवढ्यावर त्याला बालाघाटाच्या या उघड्याबोडक्या पठारावर धाडण्यात आलं होतं. पाच दिवस तो दोरी धरून मापं घेत होता आणि रोज थोडा जास्त वैतागत होता. तीन खोल्यांचं जोतं, एक चूल, फुटकं जातं, खळं, मागं पश्चिमेला गोठा. पायरीला लावलेला एक कोरीव दगड काय तो जुना. बाकी सगळं एका शेतकऱ्याचं घर, सोडून वीसेक वर्षं झालेलं. तरी संपूर्ण नकाशा झाल्याशिवाय परतू नये असा वरून हुकूम होता. म्हणून गोठ्याच्या दावणीखालची हातभर माती आणि शेणखत काढायला त्यानं म्हाळूला लावलं होतं.

फरशीखाली पेव होतं. तोंड अरुंद, पोट मोठं, खोली दीड पुरुष. धान्य ठेवायचं असं पेव या मुलखात घरोघर असतं. रेवणसिद्ध उतरायला निघाला तसा म्हाळूनं त्याचा दंड धरला.

"थांबा. आधी दिवा सोडू. बंद पेवातला वारा माणूस खातो."

दोरीला बांधून सोडलेला दिवा विझला नाही. मग तो उतरला.

सांगाडा उजव्या कुशीवर होता, डोकं दंडावर टेकलेलं, झोपल्यासारखा. कवटी शाबूत, बरगड्या शाबूत, कुठं घाव नाही. धोतराच्या चार चिंध्या, पायाशी वेताचं टोपलं. डाव्या नडगीच्या हाडावर मोडून जुळल्याची जाड गाठ. रेवणसिद्धनं बोटानं माती उकरली आणि थांबला. हाडांच्या खाली काळी पडलेली ज्वारी होती, चार बोटं जाडीची. फक्त हाडांच्या खाली. बाकीचा तळ पार सारवणापर्यंत खरवडून स्वच्छ केलेला.

तो वर आला तेव्हा सावळदऱ्याचे पोलीस पाटील मोहनराव घोड्यावरून उतरत होते. साठीचा धिप्पाड माणूस. त्यांनी आत एकदा पाहिलं आणि पागोटं सारखं केलं.

"दुष्काळातलं कुणी वाटसरू आसंल. सावली बघून आत उतरलं आन् मेलं. माती लोटून घ्या."

"फरशी बाहेरून बसवली होती, पाटील. तिच्यावर हातभर माती होती, शेणखत होतं. आत मेलेल्या माणसानं ती कशी बसवली?"

मोहनराव घोड्यावर चढले.

"तुमी दगडं मोजाया आलात, ती मोजा. परवा सकाळी माणसं आणून मी हे बुजवून घेणार हाय."

२

संध्याकाळी चावडीत गर्दी होती. बातमी रेवणसिद्धच्या आधी पोचली होती आणि जो तो त्याला एकच विचारत होता, हाडं कुणाची. त्यानं उलट विचारलं, वस्ती कुणाची. त्यावर सगळे पाटलांकडं पाहू लागले.

"वस्ती दोघा भावांची," मोहनराव सांगू लागले. "थोरला आश्रुबा. हे काय, समोर बसल्यात. धाकटा त्रिंबक. माळावर जमीन कोरडी, दाण्याला ओल लागत न्हाई. म्हणून खालच्या चाळीस घरांचं बियाणं त्यांच्या पेवात ऱ्हायचं. आमी पोती अंगणात टाकायचो, भाऊ पेव भरायचे. पेवाची जागा घरच्या माणसाबिगर कुणाला दावायची न्हाई, ही जुनी रीत. मग तेराशे नऊचा दुष्काळ पडला. लोकांनी झाडाचा पाला खाल्ला, पर बियाण्याला कुणी हात लावला न्हाई. मिरगाच्या तोंडावर बियाणं आणाया गेलो, तर त्रिंबक गायब आन् पेव रिकामं. मी सोता आत उतरलतो. पंचनामा केला. त्या साली निम्मं गाव पेरलंच न्हाई."

"वस्तीवर पेवं किती होती?"

"एकच. दावलं ते मी बघितलं. आता त्या पडझडीत कुठं काय व्हतं ते वळखू येत न्हाई."

"मग तेच हे पेव. तुम्ही उतरलात तेव्हा रिकामं होतं. हा माणूस त्यात आला कधी?"

"नंतर. सांगितलं न्हवं, वाटसरू."

रेवणसिद्धनं ज्वारीचं सांगून पाहिलं. रिकाम्या पेवात कुणी पडला असता तर तो सारवणावर पडला असता. हा दाण्यांवर पडला होता. म्हणजे तो आत गेला तेव्हा पेवात धान्य होतं, आणि धान्य काढलं गेलं ते त्याच्या भोवतीनं, नंतर; दाणा उपसत गेला तसा देह खाली बसत गेला. एक म्हातारा तंबाखू मळत राहिला.

"लई इचार करताय साहेब," पाटील म्हणाले. "त्रिंबकनं ते बियाणं ईश्वरप्पा सावकाराच्या दुकानी नेऊन घातलं, हे शेंबडं पोरगंबी सांगंल."

आश्रुबा भिंतीला टेकून बसला होता. पांढरी दाढी, गळ्यात तुळशीची माळ. रेवणसिद्धनं त्याला विचारलं, भाऊ गेला त्या दिवशी तुम्ही कुठं होतात.

"सिरसाळ्याला गेलतो. जनावरांच्या बाजाराला. आमचे बैल मेलते, मिरगाच्या आधी एखादी जोडी भेटंल म्हणून," आश्रुबा हळू आवाजात म्हणाला. "दोन दिसांनी आलो तर त्रिंबक न्हवता."

एवढं बोलून तो उठला, सगळ्यांना हात जोडले आणि निघून गेला. बाहेर म्हाळूनं सांगितलं की आश्रुबासारखा माणूस गावात नाही. भावानं तोंड काळं केलं, तरी त्याच्या बायकोला हा दर सुगीला धान्य नेऊन देतो.

"बायको आहे?"

"सत्यभामा. गावाच्या शेवटाला राहती."

३

सत्यभामा दारात बसून तुरी पाखडत होती. चाळिशी कधीच ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू. पाहुणा कोण ते तिला ठाऊक असावं. तिनं सुपावरून नजर काढली नाही.

"ताई, तुमच्या मालकांचा पाय कधी मोडला होता का?"

सूप थांबलं.

"कोंचा?"

"डावा. गुडघ्याच्या खाली."

"लगीन झालं त्याच साली. आंब्यावरून पडलते. वैदूनं कळकाच्या कांबी बांधल्या, पर हाड वाकडंच बसलं. लंगडत चालायचे." तिनं सूप बाजूला ठेवलं. "सापडले का?"

त्यानं होकाराची मान हलवली. ती पदरानं तोंड पुसून म्हणाली,

"कुठं?"

"वस्तीवर. पेवात."

"म्हणजे ते कुठं गेलेच न्हाईत."

"नाही."

"मी म्हणत व्हते. लंगडा माणूस, दारात बैल न्हाई, गाडी न्हाई. चाळीस घरांचं बियाणं काय पाठीवर नेलं? पर चोराच्या बायकोचं कोण ऐकतंय." तिचा आवाज चढला नाही. "वीस वरसं झाली साहेब. पेरणीच्या दिशी सगळ्या बाया तिफणीची पूजा करत्यात. मला कुणी बियाण्याच्या टोपल्याजवळ उभं करत न्हाई. माझी सावली पडली तर उगवत न्हाई म्हणत्यात."

त्या दिवसांत ती माहेरी होती, कडा गावी. तिकडं नदीकाठी थोडा भाजीपाला मिळत होता म्हणून त्रिंबकनंच तिला पाठवलं होतं. परत आली तेव्हा नवरा नव्हता, वस्ती मोडली होती आणि भावजींनी गावात खोपट घातलं होतं. त्या घरातलं कुणीच पुन्हा कधी माळावर गेलं नाही.

"पंचनाम्याच्या वेळी तुम्हाला कुणी काही विचारलं?"

"मला कोण इचारणार?"

"मग मी विचारतो. बियाणं भरायचं पेव कुठं होतं?"

"गोठ्यात," ती सहज म्हणाली. "दावणीखाली. वरून जनावर बांधलं की चोराला कळत न्हाई."

तिथंच तर ते सापडलं होतं. म्हणजे पाटील म्हणाले ते बरोबर होतं. पेव एकच, आणि त्यात ते स्वतः उतरले होते. मग एकतर त्रिंबकचं प्रेत डोळ्यांनी पाहून त्यांनी पंचनाम्यात पेव रिकामं लिहिलं, नाहीतर कुठंतरी मोठी गफलत होती. रेवणसिद्धला त्या रात्री धड झोप लागली नाही. हातात फक्त उद्याचा दिवस होता.

४

तालुक्याचं गाव चार कोस. गाडीचा एक बैल वाटेत लंगडू लागला आणि पोचायलाच ऊन डोक्यावर आलं.

कचेरीतल्या पेशकारानं त्याचं ऐकून घेतलं आणि पान लावत म्हटलं, "बीस बरस पुराना मुर्दा है, मियाँ. कौन मुद्दई, कौन मुजरिम?" म्हणजे फिर्यादी कोण आणि आरोपी कोण. जुन्या दप्तराची खोली मात्र उघडून दिली, शोधायचं असेल तर शोधा म्हणून. जुना कारकून दोन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापात गेला होता आणि कुठलं बासन, कागदांचं कुठलं गाठोडं, कुठं आहे हे त्याच्याबरोबर गेलं होतं. रेवणसिद्धनं सावळदऱ्याचं बासन काढलं, धूळ खात शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा कळलं की ते तेराशे नऊचं नव्हे, तेराशे एकोणीसचं आहे. त्यानं ते आदळलं. पुन्हा पहिल्या फळीपासून सुरुवात केली. दुपार कलताना, दुसऱ्याच गावाच्या बासनात, मोडीत लिहिलेला दोन बंदांचा पंचनामा हाती आला.

"घराचे दरवाजासमोर, उगवतीस, अकरा पावलांवर पेव आहे. घरच्यांनी जागा दाखविली. मोहनराव पोलीस पाटील जातीने आत उतरले. दाणा एकही नाही. जागोजाग कोळिष्टके आहेत. सबब त्रिंबक याने बियाणे लंपास केले असे पंचांचे मत."

त्यानं तीनदा वाचलं. घराचं दार पूर्वेला. सांगाडा सापडला तो गोठा घराच्या मागं, पश्चिमेला. आणि कोळिष्टकं. चार-आठ दिवसांपूर्वी बियाण्यानं भरलेल्या पेवात कोळ्यानं जागोजाग जाळी कधी विणली? ज्यात पाटील उतरले ते पेव वर्षानुवर्षं रिकामं पडलेलं होतं.

पेशकाराला हे सांगायला तो बाहेर आला तर पेशकार घरी गेला होता.

ईश्वरप्पाचं दुकान बाजारपेठेत होतं. म्हातारा पूर्वी सिरसाळ्याला धान्याची उलाढाल करायचा, नंतर इकडं आला होता. सावळदऱ्याचं नाव काढताच त्यानं वजन तागडीत तसंच ठेवलं.

"तुम्हीबी तेच इचारणार. त्रिंबकनं मला बियाणं विकलं का. वीस वरसं झाली, त्या गावचा एक माणूस माझ्या दुकानाची पायरी चढत न्हाई. मी शिवाचं नाव घेऊन सांगतो, त्या माणसाचं तोंड मी बघितलं न्हाई."

"ते मला माहीत आहे," रेवणसिद्ध म्हणाला. ईश्वरप्पानं चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्याला प्रथमच कुणी म्हणत असावं. "मला दुसरं विचारायचंय. त्या साली मिरगाच्या आधी सिरसाळ्याला जनावरांचा बाजार कसा काय होता?"

"बाजार?" म्हातारा खिन्न हसला. "चैत्रापासून भरलाच न्हाई. भरायला जनावरं कुठं उरलीती? पार दसऱ्यापर्यंत त्या मैदानावर एक शेळीबी बांधली न्हाई कुणी."

५

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील बोलल्याप्रमाणे सहा माणसं आणि फावडी घेऊन माळावर आले. मागोमाग गावातले आणखी काही जण. सत्यभामा एका बाजूला दगडावर बसली होती. आश्रुबाही आला होता. पाटलांनीच त्याला बोलावलं होतं, घरचा माणूस म्हणून.

रेवणसिद्धनं माणसांना गोठ्याकडं जाऊ दिलं नाही. दाराच्या उंबऱ्याला पाठ लावून तो उभा राहिला, पूर्वेकडं अकरा पावलं चालला, आणि तिथं म्हाळूला पहार मारायला लावली. पहिल्या दोन घावांत काही नाही. मोहनराव कंटाळून मिशीवरून हात फिरवत होते. दोन हात उजवीकडं पुन्हा घाव घातला. माती खचली आणि खाली काळं भोक दिसलं.

"हे तुम्ही उतरलात ते पेव, पाटील. पंचनाम्यात अकरा पावलं तुम्हीच लिहिलीत."

मोहनराव भोकाजवळ गेले आणि गुडघ्यावर बसले. खालून दमट वास येत होता. एका बाजूचं सारवण पाण्यानं सोलवटून निघालं होतं.

सत्यभामा बसल्या जागेवरून म्हणाली, "ते सासऱ्यांच्या वक्ताचं. पाणी झिरपायचं म्हणून सोडून दिलतं. मी लगीन होऊन आले तवाच ते बंद व्हतं."

पाटलांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरत गेला. ज्या पंचनाम्याच्या जोरावर त्यांनी वीस वर्षं हा विषय कुणाला काढू दिला नव्हता, तो भलत्याच पेवाचा होता.

"मला दावलं ते मी बघितलं," ते पुटपुटले. "जागा कुणाला ठावी व्हती?"

"दाखवलं कुणी?" रेवणसिद्धनं विचारलं. "कागदात नुसतं घरच्यांनी असं आहे."

मोहनरावांनी मान वर केली नाही. पण बाकीच्यांनी पाहिलं, आणि ज्याच्याकडं पाहिलं तो माळेचे मणी ओढत उभा होता.

६

"आश्रुबाकाका," रेवणसिद्ध म्हणाला, "परवा चावडीत हाडं कुणाची हे मला सगळ्या गावानं विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत."

आश्रुबा मणी ओढत राहिला.

"सिरसाळ्याचा बाजार त्या साली भरला नव्हता. तुम्ही इथंच होतात. त्रिंबकला कुणी मारलं नाही, हे हाडंच सांगतात. कुठं घाव नाही, झटापट नाही, झोपल्यासारखा आडवा आहे. बंद पेवात कोंडलेल्या वाऱ्यानं तो गेला. असा वारा धरतो तो भरलेल्या पेवात. कोरड्या रिकाम्या पेवात नाही. म्हणजे तो मेला तेव्हा चाळीस घरांचं बियाणं त्याच्या पायाखाली होतं. त्यानं चोरी केलीच नाही."

सत्यभामा उठून उभी राहिली.

"त्यानंतर कुणीतरी आत उतरलं आणि धान्य काढलं. परका चोर असता तर त्यानं प्रेत ओढून बाजूला केलं असतं. दुष्काळात दोन पायल्या ज्वारी कोण सोडतं? पण याच्या खालचे दाणे तसेच राहिले. ज्यानं काढले त्याला त्या देहाला हात लावायचा धीर झाला नाही. मग फरशी बसवली, वर खत लोटलं, आणि पंच आले तेव्हा पुढचं जुनं पेव दाखवलं. दोन्ही पेवं ठाऊक असलेला, त्या दिवसांत वस्तीवर असलेला कर्ता माणूस एकच."

वारा सुटला होता. म्हाळूनं पहार खाली ठेवली. आश्रुबा जोत्याच्या कडेला बसला.

"मीच म्हणलं त्याला, उतर म्हणून," तो बोलू लागला, खाली मातीकडं बघत. "बियाणं वर काढून वाळवायचं व्हतं. घरात दिव्याला तेल न्हवतं. तो म्हणला, दादा, दिवसभर उघडं राहू दे. मी म्हणलं, सकाळपासून उघडंच हाय की, झाली आसंल हवा. तो उतरला. टोपलं मागितलं, मी सोडलं. मग बोललाच न्हाई. खाली बसला, आन् आडवा झाला. मी वरून हाका मारत व्हतो. मला उतराया धीर झाला न्हाई."

"गावात का आला नाहीत?"

"आलतो. अर्ध्या वाटंपर्यंत आलतो." तो म्हणाला. "तिथं घरची तीन लेकरं आठवली. गाव आलं असतं तर त्यालाबी नेलं असतं आन् बियाणंबी. मी माघारी फिरलो. दुसऱ्या दिशी उतरलो. त्याच्या भवतीची जवारी काढली, दरीतल्या कपारीत दडवली. त्याच्या खालची काढाया त्याला हलवावा लागला असता."

"आणि चोरीचा आळ त्याच्यावर."

"तो तर गेलताच. म्हणलं, मेलेल्याला काय लागतंय."

"मी जित्ती व्हते, भावजी," सत्यभामा म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पाटलांनीच थोड्या वेळानं विचारलं, "लेकरं वाचली का त्या जवारीवर?"

"दोन त्याच साली गेली. पटकीनं. थोरला राह्यला, तो मानमोडीत गेला."

७

हाडं वर काढून दुपारीच ओढ्याकाठी दहन केलं. अग्नी आश्रुबानं द्यायचा की नाही यावर वाद झाला. सत्यभामेनं तो वाद ऐकूनही घेतला नाही आणि स्वतः अग्नी दिला. कुणी तिला अडवलं नाही.

संध्याकाळी चावडीत रेवणसिद्ध कागद घेऊन बसला. त्यानं सगळं लिहून काढलं होतं, दोन्ही पेवांचा नकाशा जोडला होता. फक्त पाटलांची सही हवी होती, पहिला पंचनामा चुकला एवढ्यापुरती. मोहनरावांनी कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

"खरं हाय सगळं. पर मी सही केली तर उद्या वर काय तोंड दावू? वीस वरसांनी सरकारी कागद बदलत न्हाई साहेब. तुमी तालुक्याला जाऊन बघा."

तालुक्याला काय होईल ते रेवणसिद्धला ठाऊक होतं. पेशकार विचारणार, गुन्हेगार कोण, वारा? आणि हैदराबादचे साहेब विचारणार, यादवकाळाचं काय झालं. त्याला संताप आला. तो पाटलांशी भांडला, कधी नव्हे तो आवाज चढवून भांडला.

सत्यभामा चावडीच्या पायरीशी उभी होती. कपाळ मोकळं होतं.

"सोडा साहेब," ती म्हणाली. "मला कागद वाचता येत न्हाई. ज्यांनी मला चोराची म्हणलं त्यांला तरी कुठं येतंय." मग ती आश्रुबाकडं वळली. "भावजी, चाळीस घरांचं बियाणं व्हतं. चाळीस दारांत जाऊन तोंडानं सांगायचं. त्यांनी चोरी केली न्हाई, मी केली, एवढंच. मी संगं येते."

"उद्या गाव गोळा करतो, इथंच सांगतील," पाटील मध्येच म्हणाले.

"माझ्या पाठीमागं दारादारांतच बोलत्यात, पाटील. दारातच सांगायचं."

आश्रुबा उठला. काठी घ्यायचीही त्याला आठवण राहिली नाही.

रेवणसिद्ध त्यांच्यामागं थोडं अंतर ठेवून चालला. पहिलं दार पाटलांचंच होतं; पाटीलही मागोमाग आले. त्यांची सून बाहेर आली, तिला त्रिंबक कोण हेच माहीत नव्हतं. तिनं गोंधळून सासऱ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दारात म्हातारी दगडाबाई होती. तिनं सगळं ऐकलं, आश्रुबाच्या तोंडाकडं बघत राहिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं ते पुन्हा उघडलं. ती बाहेर आली आणि तिनं सत्यभामेचा हात धरला. तिसऱ्या घरातल्या माणसानं शिव्या घातल्या. त्या साली त्याचं रान पडीक राहिलं होतं आणि त्याची आई गेली होती. आश्रुबानं मान खाली घालून ऐकून घेतल्या.

चौथ्या दाराला कुलूप होतं. मानमोडीत ते घर अख्खं गेलं होतं, नवराबायको आणि चार मुलं. उंबऱ्यावर गवत उगवून वाळलं होतं. आश्रुबा क्षणभर थांबला आणि पुढं जायला वळला.

"इथंबी," सत्यभामा म्हणाली.

तो परत फिरला. बंद दारासमोर उभा राहिला, दोन्ही हात जोडले, आणि ज्या आवाजात आधीच्या तीन दारांत सांगितलं होतं त्याच आवाजात त्यानं सांगायला सुरुवात केली.